टाकीत उरलेलं हीटिंग ऑइल: जाळावं, द्यावं की उपसून न्यायला सांगावं?

घर गरम करणारा, तेलावर चालणारा बॉयलर काढायचा किंवा बदलायचा ठरलं की टाकीतलं तेल किती उरलंय ते आधी मोजलं जातं. त्याआधी ते कसं आहे ते बघा. तळातून एक आणि मधल्या उंचीवरून एक असे दोन नमुने काचेच्या बरण्यांत घेऊन २४ तास न हलवता ठेवा. मधला नमुना आरपार दिसत असेल तर तेल जळण्याजोगं आहे. लाल किंवा पिवळा रंग बहुधा मुद्दाम मिसळलेला असतो, त्याला घाबरू नका. तळाच्या बरणीत खाली पाण्याचा थर आणि पाणी-तेलाच्या सीमेवर काळे, बुळबुळीत तंतू दिसले तर टाकीत सूक्ष्मजीव वाढलेत. बायोडिझेल मिसळलेल्या तेलात हे लवकर होतं.

बहुतेक जुन्या टाक्यांत वरचं तेल चांगलं आणि तळचे सुमारे १० सेंटिमीटर खराब असतात. म्हणून खरं तर हे दोन वेगळे माल आहेत आणि त्यांचा निर्णयही वेगवेगळा घ्यावा. १.५ मीटर लांब आणि ०.७ मीटर रुंद टाकीत तळच्या १० सेंटिमीटरमध्ये १०५ लिटर बसतात. तेव्हा ३०० लिटर उरले असतील तर हाती येणारे १९५च धरा.

जुना बॉयलर अजून चालू असेल तर चांगलं तेल त्यातच जाळणं सगळ्यात सोपं. एका लिटरमधून साधारण १० किलोवॅट-तास उष्णता मिळते, म्हणजे २० किलोवॅटचा बर्नर तासाला २ लिटरच्या आसपास तेल घेतो. १९५ लिटर संपायला बर्नर जेमतेम ९८ तास पेटता राहावा लागेल. थंडीत ते सहज होतं. फक्त तळ गाठेपर्यंत चालवू नका. गाळ आधी फिल्टर तुंबवतो, मग नॉझल (तेलाचा फवारा सोडणारी बारीक चोच). पाणी गेलं तर ज्योत विझून बर्नर लॉकआउटला जातो, म्हणजे रीसेट दाबेपर्यंत स्वतःहून बंद राहतो. पुन्हा पुन्हा रीसेट दाबलंत तर न जळलेलं तेल भट्टीत साचतं आणि पुढच्या ठिणगीला एकदम भडकतं.

नव्या बॉयलरला हेच तेल द्यायचं असेल तर गंधक तपासा. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तीही उष्णता वापरणारे) कमी गंधकाचं तेल मागतात, साधारण ५० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ५० भाग). जुन्या प्रतीच्या तेलात हेच प्रमाण १००० पीपीएम किंवा त्याहून जास्त असू शकतं. बॉयलरच्या पुस्तिकेत परवानगी नसेल तर मोह सोडा. केरोसीन आणि गॅसऑइल (डिझेलसारखं हीटिंग ऑइल) यांचीही सरमिसळ नको, दोन्हींची चिकटाई वेगळी असल्याने नॉझल आणि दाब नव्याने जुळवावे लागतात.

दुसऱ्याला द्यायचं तर घेणाऱ्याचा बर्नर त्याच प्रतीच्या तेलावर चालतो ना, हे विचारा आणि मधला नमुना दाखवा. उपसताना पाण्याचा पंप वापरू नका, त्याचे रबरी सील तेलाने फुगतात. डिझेलसाठी बनवलेला पंप घ्या. शोषनळी लाकडी पट्टीला अशी बांधा की तिचं तोंड तळापासून १० सेंटिमीटर वर राहील. मध्ये १० ते २५ मायक्रॉनचा फिल्टर लावा, पिंप गळ्यापर्यंत भरू नका. नव्या टाकीत ओतल्यावर दिवसभर निवळू द्या, मगच बर्नर सुरू करा. चार कॅन नेण्यापुरतं ठीक आहे. शेकडो लिटर रस्त्याने न्यायचे तर वाहतुकीचे स्थानिक नियम लागू होतात आणि तिथे टँकरवाला बोलावणंच शहाणपणाचं.

डिझेल गाडीत घालण्याची कल्पना हमखास निघते. जुनं इंजिन त्यावर चालतंही. पण कर चुकवणं पकडता यावं म्हणूनच अनेक देशांत या तेलात रंग आणि खूणद्रव्य घालतात, आणि त्यातलं गंधक नव्या गाड्यांची धूर-शुद्धीकरण यंत्रणा खराब करतं. हा पर्याय यादीतून काढा.

राहिला तळचा माल. तो टाकी साफ करणाऱ्या परवानाधारकाकडेच द्यायचा. बाटलीतली रसायनं इथे फसवतात: जंतुनाशकाने सूक्ष्मजीव मरतात, पण त्यांचा मेलेला गाळ फिल्टर तुंबवतोच, पाणी तेलात ‘विरघळवणारं’ द्रव्य ते पाणी थेट नॉझलपर्यंत पोचवतं. पैसे वाचवायचे असतील तर आधी वरचं तेल संपवा, म्हणजे उपसायला कमी राहील. सगळंच तेल गढूळ निघालं तर मात्र गाळत बसू नका, पूर्ण टाकी उपसून घ्या.

रिकामी झालेली टाकी ग्राइंडरने कापायला घेऊ नका, आत तेलाची पेट घेणारी वाफ उरलेली असते. आधी साफ केल्याची लेखी पावती हातात असू द्या. आणि टाकी निघाली त्याच दिवशी भिंतीबाहेरचा भरणा-पाइपही काढा किंवा काँक्रीटने बंद करा. नुसतं झाकण घट्ट करून भागत नाही. जुन्या पत्त्यावर चुकून आलेला टँकर त्याच तोंडातून शेकडो लिटर तेल थेट तळघरात सोडतो.