आमवाताचं फॉलोअप व्हिडिओवर घ्यावं का? आमचा अनुभव

आईला आमवात आहे म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, आम्ही चिपळूणला आणि डॉक्टर पुण्यात. दर फॉलोअपला पहाटे उठून कुंभार्ली घाट, सकाळी बोटं आखडलेली असतात तेव्हाच एसटीचा दांडा धरून चढायचं आणि ओपीडीत नंबर येईपर्यंत गुडघे सुजलेले. म्हणून त्याच हॉस्पिटलचं व्हिडिओ कन्सल्टेशन सुरू केलं.

दुखणं आटोक्यात असेल तर फॉलोअप डोळे झाकून व्हिडिओवर घ्या. सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर), क्रिएटिनिन (किडनी), सीआरपी (सूज) या रक्ताच्या तपासण्या इथल्याच लॅबमध्ये करून रिपोर्ट आधी अपलोड करायचे, डॉक्टर मॅडम ते समोर ठेवूनच बोलतात, सकाळी किती वेळ आखडतं, मूठ पूर्ण वळते का, हात उलटसुलट करून दाखवा असं सगळं नीट विचारतात. मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती कुठल्या वारी घेता हे त्यांनी आईच्याच तोंडून वदवून घेतलं आणि मला ते फार आवडलं, कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

आईचं मन मात्र अजून पूर्ण बसलेलं नाही. हात न लावता डॉक्टरला काय कळणार म्हणते, आणि मला तिचं पटतं. सांधा दाबल्यावर कुठे दुखतं, बारीक सूज आहे का, हे कॅमेऱ्यात कळत नाही. मनगट परत दुखायला लागलं तेव्हा मॅडमनी गोळी न वाढवता आधी प्रत्यक्ष या म्हणून सांगितलं. सरकारच्या 2020 च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) गाइडलाइन्समध्येही व्हिडिओवर भागेल की पेशंटला बोलवायचं हा निर्णय डॉक्टरवरच सोपवलाय. आईचा या मॅडमवर विश्वास आहे तो त्यांनी आधी समोर बसवून एकेक सांधा तपासलाय म्हणून, त्यामुळे पहिली भेट व्हिडिओवर अजिबात नको.

ॲपवर मात्र मी खरंच नाराज आहे. बोटं वाकडी झालेल्या पेशंटसाठीची सोय आणि बटणं एवढीशी, ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपते, मराठीचा पर्याय नाही. घरात कोणी नसेल तर आई एकटी कॉल लावूच शकत नाही. दिलेली वेळही बऱ्याचदा पाळत नाहीत, बिचारी फोनसमोर ताटकळत बसते.

आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आमवाताचीच एक गोळी) चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा डोळ्यांची तपासणी प्रत्यक्षच करावी लागते, ती पुण्याच्या फेरीलाच जोडून घ्या, आम्ही तसंच करतो.