मेश रेडिओच्या संदेशात कोणता आकडा कोणत्या टाइपमध्ये?

ठाणे खाडीकाठी पाण्याची पातळी मोजणारा नोड बसवायचा आणि त्याचे आकडे पारसिक टेकडीवरच्या रिलेमार्गे घरी आणायचे, असं मनात असेल तर सेन्सर घेण्याआधी संदेशाचा साचा कागदावर मांडा. लोराच्या, म्हणजे कमी विजेत दूरवर पोचणाऱ्या रेडिओच्या, एका पॅकेटमध्ये जेमतेम २५५ बाइट मावतात आणि त्यातले १६ मेशटॅस्टिकच्या (नोड एकमेकांचे संदेश पुढे पाठवतात ती मेश प्रणाली) हेडरलाच जातात.

मेशटॅस्टिक संदेश बाइटांत मांडायला प्रोटोबफ वापरतं. त्यात इंट३२ (ऋण-धन पूर्णांक) आणि यूइंट३२ (फक्त शून्य किंवा धन पूर्णांक) हे दोन्ही व्हेरिंट पद्धतीने जातात, म्हणजे प्रत्येक बाइटमध्ये आकड्याचे ७ बिट. बॅटरीची टक्केवारी १२७ च्या आतच राहते, एका बाइटात भागतं. तिथे डोळे झाकून यूइंट३२ घ्या.

खरी गोम ऋण आकड्यांत आहे. पाण्याच्या पातळीसाठी मी आधी इंट३२ घेतलं होतं. भरतीला खुणेच्या वर ४२ सेंटिमीटर पाणी असलं की एक बाइट, ओहोटीला उणे ४२ झालं की दहा! ऋण आकडा ६४ बिटांपर्यंत ताणला जातो म्हणून हे होतं. मेशटॅस्टिकच्या लाँगफास्ट या रेडिओ सेटिंगवर हे जादाचे नऊ बाइट सरासरी ६७ मिलिसेकंद हवा अडवतात, आणि रिले तोच संदेश पुन्हा सोडतो तेव्हा तेवढीच आणखी. एसइंट३२ हा ऋण आकड्यांसाठीचा टाइप उणे ४२ चा आधी ८३ करतो आणि एका बाइटात पाठवतो. शून्याखाली जाऊ शकणाऱ्या छोट्या आकड्याला मी आता दुसरा टाइप लावत नाही.

अक्षांश-रेखांशांचं गणित मात्र वेगळं. अंशाला एक कोटीने गुणून पूर्णांक पाठवतात. ठाण्याचा अक्षांश १९.२, म्हणजे १९ कोटी २० लाख, रेखांश ७२.९७, म्हणजे ७२ कोटी ९७ लाख. व्हेरिंटचे चार बाइट २६,८४,३५,४५५ ला संपतात. म्हणून इंट३२ मध्ये अक्षांश चारात बसतो, रेखांशाला पाच लागतात. एसइंट३२ आकडा दुप्पट करत असल्याने त्यात दोघांनाही पाच. एसफिक्स्ड३२ या ठरावीक लांबीच्या टाइपला कायम चारच. मेशटॅस्टिकनेही तेच घेतलंय. वेळेचंही तसंच. १९७० पासूनचे सेकंद आता १७० कोटींच्या पुढे गेलेत, तिथे फिक्स्ड३२, म्हणजे तोच टाइप ऋण आकड्यांशिवाय.

हे सगळं नोड खाडीवर जाण्याआधी ठरवा. नंतर इंट३२ चं एसइंट३२ केलंत, तर जुना रिसीव्हर उणे ४२ ला ८३ वाचेल आणि कुठेही एरर दिसणार नाही. प्रोटोबफ संदेशातल्या प्रत्येक फील्डला (रकान्याला) क्रमांक असतो. बदलायचंच झालं तर नव्या फील्डला नवा क्रमांक द्या, शक्यतो १५ च्या आतला, कारण सोळापासून क्रमांकालाच दोन बाइट लागतात.