एका ओळीचा फिक्स, पण काम चोख: सीव्हीई-२०२२-०१८५ च्या पॅचचा रिव्ह्यू

सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक. लिनक्स कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली, ही त्रुटी दुरुस्त करणारा पॅच परत एकदा नीट वाचून काढला. अख्खा बदल एका ओळीचा. साडेचार स्टार देतोय, अर्धा का कापला ते खाली सांगतो.

तर जुन्या पद्धतीने माउंट ऑप्शन (फाईलसिस्टीम जोडताना द्यायच्या सेटिंग) घेणाऱ्या फाईलसिस्टीमसाठी कर्नलमध्ये एक फंक्शन आहे, ते एकेक ऑप्शन घेतं आणि स्वल्पविराम लावत एका बफरला (मेमरीतल्या ठरावीक जागेला) चिकटवत जातं, बफर एका पेजचा, म्हणजे साध्या पीसीवर ४०९६ बाइट. जागा उरलीय का हे बघायला जुना चेक असा होता: नव्या ऑप्शनची लांबी ही पेज साइज वजा २ वजा आधी भरलेले बाइट यापेक्षा मोठी असेल तर एरर द्या. ते २ म्हणजे एक स्वल्पविराम आणि शेवटचा नल, म्हणजे मजकूर संपल्याची खूण असलेला बाइट. वाचताना काही खटकतच नाही, गोची तिथेच आहे.

भरलेले बाइट ४०९४ पर्यंत असतील तोवर हिशोब बरोबर येतो. पण एखादा ऑप्शन अगदी मापात बसवला की ते होतात ४०९५, आता ४०९६ वजा २ वजा ४०९५ करा, उत्तर उणे १, आणि आकडे अनसाइन्ड, तिथे उणे नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे हाती येतो ६४ बिटमधला सगळ्यात मोठा आकडा. मग काय, त्याच्यापुढे कुठलाही ऑप्शन छोटाच! चेक पास, पुढच्या कॉललाही पास, आणि बफरच्या बाहेर लिहिणं सुरू.

नव्या ओळीत वजाबाकीच काढून टाकलीय. भरलेले अधिक लांबी अधिक २ हे पेज साइजच्या वर गेलं की नकार, बस. ४०९५ ला नुसते २ मिळवले तरी ४०९७ होतात. बेरीज पण ओव्हरफ्लो होईल (मर्यादेबाहेर जाऊन फिरून छोटी होईल), असं कुणी म्हणेल, पण ऑप्शनचं नाव आणि त्याची स्ट्रिंग व्हॅल्यू दोन्हीला २५६ बाइटची मर्यादा आधीच लागलेली असते. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की जे आधी रीतसर बसत होतं ते आताही बसतं, एका बाइटचाही फरक नाही, नाहीतर सिक्युरिटी फिक्स म्हटलं की कुणाचं तरी चालू काम मोडतंच.

अर्धा स्टार यासाठी कापला की ही ओळ अशीच का लिहिलीय याची कोडमध्ये कमेंट नाही आणि पॅचसोबत टेस्ट पण नाही. उद्या कुणीतरी "क्लीनअप" म्हणून परत वजाबाकी करून ठेवेल.

बग आला २०१९ मध्ये ५.१ कर्नलसोबत, फिक्स झाला २०२२ च्या जानेवारीत. हा बग वापरून हल्ला करायला ॲडमिनची कॅपॅबिलिटी (खास अधिकार) लागते म्हणून निवांत बसू नका, युजर नेमस्पेस (साध्या युजरला स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात ॲडमिनसारखं वागू देणारी कर्नलची सोय) चालू असेल तर साधा युजरही ती मिळवतो, आणि यावरून कंटेनरमधून (प्रोग्राम बाकी सिस्टीमपासून वेगळा ठेवणाऱ्या कप्प्यातून) बाहेर पडून दाखवलेलंही आहे. अपडेट शक्यच नसेल तर साध्या युजरसाठी नेमस्पेस बंद करता येतात, पण मग रूटशिवाय चालणारे कंटेनर रुसतात, तेव्हा सरळ कर्नल बदला आणि रीबूट करा, नुसतं पॅकेज टाकून जुनाच कर्नल चालू ठेवणारे खूप जण बघितलेत.