खडेबाजारातलं खेळण्यांचं दुकान: कॅरम घ्या, कार्डं नको

भाच्याला पोकेमॉनची (त्या जपानी कार्टूनच्या खेळाची) कार्डं हवी होती म्हणून बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात गेलो. कॅरम, क्रिकेटचं सामान झकास, भावही वाजवी. कार्डांचं मात्र बोलायलाच नको. 'गोल्ड' म्हणून जो डबा पुढं केला, त्यात सगळी गुळगुळीत सोनेरी प्लॅस्टिकची. खऱ्या दुर्मिळ सोनेरी कार्डावर बोट फिरवलं की बारीक रेघा लागतात. यांच्या पाठीचा निळा फिका, वर 'Pokémon' नावातल्या इंग्रजी 'e'च्या डोक्यावरची तिरकी रेघच गायब! खऱ्याचं माप 63 बाय 88 मिलिमीटर असतं. भाच्याचं खरं कार्ड वर ठेवलं तर यांचं कडेनं डोकावत होतं. सुट्यातलं एक घेऊन कड उजेडात धरली. खऱ्या कार्डाच्या पोटात काळसर थर असतो, इथं नुसता पांढरा पुठ्ठा.

काउंटरवरचे काका म्हणाले, "ओरिजिनलच की हो, पोरं हेच नेतात." मग बिलावर 'ओरिजिनल' लिहून द्या म्हटलं, तर गिऱ्हाईक बघायला वळले. खेळणं म्हणून स्वस्तात विकली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. स्ट्रायकर मात्र तिथलाच घेतला, छान सरकतो. कॅरमला पाचपैकी चार, कार्डांना शून्य.