देवबागच्या खाऱ्या हवेत दोन सिंक : पडवीत स्टील, आत क्वार्ट्झ

घाईत असाल तर आधी निकाल सांगून टाकते. मासळी, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मोठे टोप आणि चार वेगवेगळे हात जिथे लागतात तिथे स्टील घ्या, तेही ३०४ ग्रेडचं, जाड आणि मॅट फिनिशचं. जिथे एकच हात फिरतो आणि भांडी आपटली जात नाहीत तिथे ग्रॅनाइट कॉम्पोझिट खुशाल घ्या. दुकानात त्यालाच क्वार्ट्झ सिंक म्हणतात. घाई नसेल तर पुढे वाचा, कारण समुद्राकाठी या दोघांचंही वागणं घाटावरच्या घरापेक्षा वेगळं असतं आणि दुकानदार ते सांगत नाही.

आमचं घर मालवणजवळ देवबागला. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथे लोखंडाचं काही म्हणजे काही टिकत नाही. खिडकीचे गज, फ्रिजची मागची बाजू, पंख्याचे स्क्रू, सगळ्याला दोन पावसाळ्यांत तांबेरा चढतो. गेल्या वर्षी पर्यटकांसाठी खोल्या वाढवल्या तेव्हा स्वयंपाकघरही नव्याने केलं. आतल्या ओट्यावर काळं कॉम्पोझिट बसवलं, २४ बाय १८ इंचाचं. मागच्या पडवीत मासे धुवायला आणि पाहुण्यांची भांडी घासायला ३०४ स्टीलचं, १८ गेज, तेवढ्याच मापाचं पण जरा खोल. पडवीत त्या जागी आधी काळ्या दगडाची डोण होती. सासूबाईंनी ती फोडू दिली नाही, त्यामुळे ती आता माडाच्या आळ्याजवळ आहे आणि कोंबड्या तिच्यात पाणी पितात. तर एक अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची गर्दी या दोन्ही सिंकांनी काढली आहे. त्यावरून लिहिते आहे.

आधी स्टील, कारण आमच्याकडे खरा त्रास तिथेच असतो.

स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर असतो. तो आहे तोवर स्टील गंजत नाही. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो आपोआप पुन्हा धरतो. या थराचा वैरी म्हणजे मिठातलं क्लोराइड, आणि आमच्या हवेतच मीठ आहे. पावसाळ्याआधी नैर्ऋत्येचा वारा सुटला की सिंकच्या कोरड्या कडेवर तपकिरी धूसर डाग यायला लागतात. भांडं रोज वापरात असतं तिथे येत नाहीत, जिथे पाणी फिरत नाही तिथे येतात : नळाच्या मागे, कोपऱ्यात, भिंतीला लागलेल्या पट्टीवर. हे डाग वरवरचे असतात. खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन घासला की जातात. रोज रात्री झाकपाक झाल्यावर गोड्या पाण्याने कडा धुऊन कोरड्या पुसल्या तर येतही नाहीत. समुद्रकाठच्या स्टीलला पॉलिशपेक्षा गोड्या पाण्याची गरज जास्त आहे.

आगळाचं प्रकरण मात्र वेगळं. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) फोडले, आगळ काढलं, बरण्या भरल्या. त्याच आठवड्यात खोल्या भरलेल्या. एक बरणी सिंकच्या शेजारच्या पसरट भागावर राहिली आणि तिच्या बुडाखाली ओघळलेलं आगळ काही दिवस तसंच साचून राहिलं. बरणी उचलली तेव्हा खाली तपकिरी वर्तुळ होतं. सोड्याने घासल्यावर तपकिरी रंग गेला, पण वर्तुळाच्या आत सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उरले. नख फिरवलं तर अडकतं. ते आजही आहेत आणि जाणार नाहीत, कारण तिथे धातूच खाल्ला गेला आहे. आगळ म्हणजे आंबट आणि वर खारट, दोन्ही एकदम. उघड्या जागी सांडलं असतं तर पुसून निभावलं असतं, पण बरणीच्या बुडाखाली हवा पोचत नाही, त्यामुळे तो थर पुन्हा धरत नाही आणि मीठ निवांत काम करत राहतं. खारवलेल्या कैऱ्यांची बरणी, मिठाची पिशवी, ओला रबरी मॅट, तारेच्या घासणीचा गोळा, यांपैकी काहीही स्टीलवर मुक्कामाला ठेवू नका. तारेच्या घासणीचा तर दुहेरी त्रास आहे : तिचे बारीक लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात, ते गंजतात आणि आपल्याला वाटतं सिंकच गंजलं.

आणखी एक, खास आपल्याकडचं. विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घरात उरलेली असते, तिने सिंक पांढरंशुभ्र होतं असं कोणीतरी सांगतं. स्टीलवर ती पेस्ट करून लावून ठेवू नका. क्लोरीनच तो, मिठापेक्षा वाईट. संडास साफ करायचं अॅसिडही सिंकजवळ आणू नये. फरशीला अॅसिड मारताना वाफ लागली तरी स्टील काळवंडतं.

ग्रेडबद्दल थोडं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातलं सिंक बहुतेक वेळा २०० सिरीजचं असतं, म्हणजे निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं. आमच्या हवेत त्याची फसगत पहिल्याच पावसाळ्यात कळते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, “बघा, चिकटत नाही, म्हणजे ओरिजनल ३०४.” यावर जाऊ नका. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. काही व्यापाऱ्यांकडे बॅटरीला जोडून टाकायचा एक थेंब मिळतो, मँगनीज जास्त असेल तर तो लाल होतो. ती चाचणी जास्त भरवशाची. तेही नसेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका. ३१६ हा याहून वरचा ग्रेड, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्याला तो जास्त दाद देत नाही. मी कोल्हापूरच्या दुकानात विचारलं होतं. ऑर्डर देऊन बनवून घ्यावं लागेल म्हणाले. भाव ऐकला आणि फोन ठेवला.

गेजचा आकडा उलटा चालतो हे बहुतेकांना माहीत असेलच : १८ गेज २० पेक्षा जाड. पत्रा पातळ असला की मोठा टोप ठेवल्यावर तळ दबतो, पाणी भोकाकडे न जाता कोपऱ्यात साचतं, आणि साचलेलं पाणी म्हणजे पुन्हा मिठाचा डाग. आवाजासाठी तळाला रबरी पॅड लावलेले आहेत ना एवढं बघा, पुरे.

आता आतलं काळं कॉम्पोझिट.

नाव ग्रॅनाइट असलं तरी हा खाणीतून कापलेला दगड नव्हे. क्वार्ट्झ किंवा ग्रॅनाइटचा बारीक चुरा साधारण ८० टक्के आणि बाकी अॅक्रिलिक रेझिन, साच्यात घालून भट्टीत पक्कं केलेलं. ही पद्धत १९७९ मध्ये जर्मनीच्या शॉक कंपनीने आणली, आणि आपल्याकडे गुजरातेत भावनगरला त्याच तंत्राने सिंक बनतात. मिठाचं याला काहीही वाटत नाही, आणि आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तेच आगळ याच्यावर सांडलं, वाळलं, दुसऱ्या दिवशी पुसलं, खूण नाही. हळद, सोलकढी, बांगड्याचं तिखलं, कशाचाच डाग बसला नाही. अर्थात काळ्यावर दिसला नसता हेही खरं. पांढरं किंवा बदामी घेतलेल्यांनी चहा आणि हळद रोजच्या रोज धुवावी.

काळ्यावर दिसतं ते पाणी. आमच्या वाळूतल्या विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ होतं. प्रत्येक थेंब वाळला की पांढरट ठिपका ठेवून जातो. आठवडाभर दुर्लक्ष केलं तर पूर्ण तळावर राखाडी साय धरते आणि नवं कोरं सिंक जुनं दिसायला लागतं. पाणी मिसळलेलं व्हिनेगर किंवा लिंबूफुलाचं पाणी दहा मिनिटं ठेवून मऊ स्पंजने घासलं की निघते. बरेच जण वरून खोबरेल तेलाचा हात फिरवतात. काळं कुळकुळीत दिसतं, पण खालचा क्षार तिथेच असतो आणि वरून तेलाला धूळ चिकटते. पाहुणे यायच्या दिवशी ठीक आहे.

अॅल्युमिनियमच्या टोपांचे करडे ओरखडे उठतात. पहिल्यांदा बघितल्यावर पोटात गोळा येतो, पण तो सिंकचा ओरखडा नसतो, टोपाची धातू सिंकला लागलेली असते. सोडा लावून निघते. घावण्यांचा बिडाचा तवा रात्रभर ओला राहिला तर तांबडं कडं उमटतं, तेही लिंबूफुलाने जातं. उष्णतेचं म्हणाल तर कंपन्या २८० अंशांपर्यंत चालेल असं सांगतात. पेजेचं पाणी, मोदकपात्राचं उकळतं पाणी थेट ओतते, काही झालेलं नाही. फोडणीची कढई मात्र चुलीवरून उचलून थेट ठेवत नाही. तिचं बूड किती तापलंय हे कोण मोजायला बसलंय?

सासूबाईंचं आणि या सिंकचं जमलं नाही ते नाहीच. पहिल्याच आठवड्यात त्या कोळंबी साफ करायला बसल्या आणि वैतागल्या, “गो, ह्या काळ्या भांड्यात सुंगटाचो दोरो दिसतलो कसो?” बरोबर आहे त्यांचं. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काळ्या सिंकमध्ये दिसत नाही. उलट बांगड्याची, सुरमईची खवलं धुऊन गेली असं वाटतं आणि वाळल्यावर चमकायला लागतात. तिसऱ्यांची (शिंपल्यांची) कवचं आपटली तर चिनी मातीच्या भांड्यासारखी सिंकची कड उडेल की काय अशी धास्ती. म्हणून मासळी पूर्णपणे पडवीत गेली. मासे आठवड्यातून एकदाच, तेही कापून आणलेले, अशा घरात हा मुद्दा येणारच नाही.

कॉम्पोझिट कठीण आहे, लवत नाही. स्टीलमध्ये पडलेली काचेची वाटी बऱ्याचदा वाचते, यात हमखास फुटते. माझे चहाचे कप निम्म्यावर आले. जड पितळी टोप किंवा पाट्याचा वरवंटा उंचावरून पडला तर सिंकचाच टवका उडू शकतो, आणि टवका स्टीलच्या पोच्यासारखा ठोकून काढता येत नाही. नारळ तर याच्या काठावर कोणी फोडूच नये. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी एकाने तो विचार केला होता, वेळेवर कोयता हातातून घेतला.

वासाबद्दल सगळे विचारतात. मासळीचा वास दोन्हींना धरत नाही. वास येतो तो कपलिंगच्या (सिंकच्या भोकात बसवतात त्या तोटीच्या) जाळीतून आणि खालच्या बॉटल ट्रॅपमधून, म्हणजे पाइपाला लावलेल्या बाटलीसारख्या भांड्यातून. तारल्या-बांगड्याचं तेल पाइपात चिकटून बसतं. गरम पाणी आणि भांड्याचा साबण आठवड्यातून एकदा, आणि ट्रॅप उघडून झटकणं महिन्यातून एकदा. सिंक बदलून वास जाणार नाही.

बसवणं हा भाग लोक गवंड्यावर सोडतात, आणि आमच्या हवेत खरी खराबी तिथेच सुरू होते. दोन्ही सिंकांबरोबर आलेल्या क्लिपा साध्या लोखंडाच्या, वरून मुलामा दिलेल्या होत्या. ओट्याखाली वाकून बघा, वर्षभरात त्या फुगलेल्या दिसतील. मी पडवीतल्या काढून स्टीलच्या लावून घेतल्या. कपलिंगचा मधला स्क्रूही तपासा. चुंबक इथे उपयोगी पडतो : त्या स्क्रूला घट्ट चिकटला तर तो आधी गंजणार आणि गंजाचं पाणी उतरून बिचाऱ्या सिंकवर आळ येणार. कडेला पांढरं सिमेंट भरू देऊ नका. ते तडकतं, पाणी खाली झिरपतं, खालच्या प्लायला वाळवी लागते. बुरशी न धरणारं सिलिकॉन मागून घ्या, नाहीतर श्रावणापर्यंत कडेची पट्टी काळी पडते. कॉम्पोझिट वजनाला स्टीलच्या दुपटीहून जास्त भरतं, त्यामुळे ओट्याला खालून आधार हवा. नळाचं भोक पाडताना आमचा प्लंबर हातोडा घेऊन आला होता. होल-सॉ (गोल भोक कापायची करवत) मागवायला लावला, त्यात एक दिवस गेला, जाऊ दे. आणि फोंडा घाटातून टेम्पोने येणार असेल तर खोकं उतरवल्यावर पैसे चुकते करायच्या आधी बोटाच्या पेराने चहूबाजूंनी वाजवून बघा. तडा गेलेल्या जागी आवाज बसका येतो.

किमतीत माझं कॉम्पोझिट स्टीलच्या दुपटीला थोडं वर गेलं, बसवणावळ धरून. पैसे वाया गेले असं वाटत नाही. आतला ओटा दिसायला छान झाला, भांड्यांचा खणखणाट थांबला, आणि मिठाची चिंता नाही. पण एकच सिंक घ्यायचं असतं आणि त्यातच मासळी धुवायची असती तर देवबागमध्ये मी डोळे झाकून ३०४ घेतलं असतं.

सध्या वरच्या खोलीला छोटा ओटा करतो आहोत, पाहुण्यांना चहा-नाश्त्यापुरता. तिथे मासळी नाही, आगळ नाही, पण कोण कसं वापरेल याचा भरवसाही नाही, म्हणून १८ गेजचं एकाच भांड्याचं मॅट स्टील सांगितलं आहे. बाजूला पसरट पट्टी नसलेलं मुद्दाम निवडलं, म्हणजे बरणी ठेवायला जागाच उरत नाही. कॉम्पोझिट पुन्हा घेतलंच तर काळं नको, मधला राखाडी रंग. त्यावर मचूळ पाण्याचे ठिपकेही कमी दिसतात आणि सुंगटाचा दोराही दिसतो, हे दुकानात ओला हात फिरवून आणि काळा धागा ठेवून बघून आले आहे.