एमकेडॉक्स की क्वार्टो? मिठाचा मठ झाला त्याची गोष्ट

गोव्यातल्या डिचोलीच्या एका बाईंनी परवा फोनवर विचारलं, "सर, धडे मार्कडाउनमध्येच लिहायचे हे पक्कं झालं. आता एमकेडॉक्स घेऊ की क्वार्टो?" म्हटलं, संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी सांगायला लागलो तो तासभर बोलत राहिलो. त्यांचा चहा निवला असणार. तेच इथे जरा आटोपशीर लिहितो. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात मोजक्या खुणा घालून लिहायची पद्धत, आणि एमकेडॉक्स नि क्वार्टो ही त्या मजकुरापासून वेबसाइटची पानं बनवून देणारी साधनं.

आधी कबुली. मी दोन्हींवर पुरेपूर धडे केले आहेत. पहिली दोन वर्षं एमकेडॉक्स, त्यावर मटेरियल ही थीम, आणि गेल्या दिवाळीपासून क्वार्टो. म्हणजे मी निवड करून मोकळा झालेला माणूस आहे, माझ्या तराजूवर फार विश्वास ठेवू नका. धडे नववीच्या मुलांसाठीचे, पूरक म्हणून, मराठीतून. शाळेचं माध्यम इंग्रजी, पण खाजन (बांध घालून भरतीपासून राखलेली खारी जमीन) शिकवताना मानस (बांधातलं पाण्याचं दार) आणि पोंय (मानशीच्या आतलं पाण्याचं तळं) हे शब्द इंग्रजीत समजावायला गेलं की निम्मी तासिका तिथेच संपते. मुलं वाचणार फोनवर. पावसाळ्यात सत्तरीच्या बाजूला वीज आणि रेंज यांतली एक गोष्ट असली तरी नशीब, म्हणून पान हलकं हवं. दोन्ही साधनं साधी एचटीएमएल पानंच काढून देतात, त्यामुळे या बाबतीत मला फरक जाणवला नाही.

दिसण्यात मटेरियल पुढे आहे, यावर वाद नको. बाजूचा मेनू अंगठ्याने उघडतो, रात्री वाचणाऱ्याला काळं पान मिळतं, सूचनांच्या चौकटी रंगीत आणि नेटक्या. क्वार्टोची साइट वाईट नाही, पण नव्या वहीसारखी कोरी वाटते, तिला सजवावं लागतं. वेगातही एमकेडॉक्सच. फाइल सेव्ह केली की शेजारच्या खिडकीत पान बदललेलं. क्वार्टोत सेव्ह करून मी पाण्याचा घोट घेतो, तोवर पान येतं. घड्याळ लावून मोजलेलं नाही, लॅपटॉपही जुना आहे, तुमच्याकडे कदाचित इतकं जाणवणार नाही.

एक गोष्ट मात्र ठाऊक असू द्या. मटेरियल बनवणाऱ्या मंडळींनी नोव्हेंबर 2025 मध्ये झेन्सिकल नावाचं नवं साधन जाहीर केलं आणि मटेरियलमध्ये नवी भर घालणं थांबवलं. आहे ते उद्या बंद पडणार असा याचा अर्थ नाही. पण आज शून्यातून सुरुवात करणाऱ्याने हे धरून चालावं.

आता लिहिण्याबद्दल. दोन्ही मार्कडाउनच, पण बोली वेगळ्या. पेडणे आणि काणकोणची कोकणी जितकी वेगळी तितक्या. जॉन ग्रुबरने 2004 साली मार्कडाउन काढलं तेव्हा बरेच कोपरे मोकळे सोडले होते, ते प्रत्येकाने आपापल्या परीने भरले. 2014 साली कॉमनमार्क नावाने काटेकोर नियम लिहिले गेले, तोवर जुनी साधनं आपल्या वाटेने गेली होती. मार्कडाउन वाचून त्याचं पान करणारं यंत्र एमकेडॉक्सच्या पोटात पायथॉन-मार्कडाउन हे आहे, क्वार्टोच्या पोटात पँडॉक. गंमत अशी, की पँडॉक लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि कॉमनमार्कचे नियम लिहिणाऱ्यांतही तेच. तरी पँडॉकची स्वतःची बोली वेगळी ती वेगळीच.

व्यवहारात याचा त्रास असा. एमकेडॉक्समध्ये यादीच्या आत यादी घ्यायची तर चार जागा सोडायच्या. दोन सोडल्या की आतली यादी बाहेर येऊन बसते. सूचनेची चौकट !!! ने सुरू होते आणि तिच्यातली प्रत्येक ओळ पुन्हा चार जागा आत. लॅपटॉपवर हे चालतं. पण आमच्या एक सहकारी धड्यातली दुरुस्ती फोनवरून, फेरीबोटीची वाट बघत करतात. त्यांच्या हातून चारच्या तीन झाल्या की निम्मी चौकट बाहेर सांडते. क्वार्टोत चौकट तीन विसर्गांनी उघडते, तीन विसर्गांनी मिटते (कोलन म्हणतात हो, पण वर्गात आम्ही विसर्गच म्हणतो), मधल्या ओळी आत सरकवाव्या लागत नाहीत. यादीच्या आधी रिकामी ओळ मात्र दोन्हीकडे सोडावी लागते. गिटहबवर (फाइली ठेवायच्या वेबसाइटवर) ती नसली तरी यादी ठीक दिसते, म्हणून नवीन माणूस तिथे हटकून फसतो.

इथवर मी एमकेडॉक्स सोडला नव्हता. सोडला तो चोडणच्या बांधावर.

दरवर्षी आम्ही मुलांना रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला नेतो, खाजन दाखवायला. मानस बघायला मुलांना फार आवडतं. भरतीचं पाणी चढलं की लाकडी दार त्याच्या रेट्याने आपसूक मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही. त्या वर्षी मी सरावपत्रिकेवर क्यूआर कोड छापले होते. जिथे उभे आहात तिथला कोड स्कॅन करा, धड्याचा तेवढाच भाग उघडेल, तो वाचून प्रश्न सोडवा. मिठागरापाशी चाळीस फोन वर झाले आणि मागून एका मुलाने हाक मारली, "सर, मीठ खंय आसा?" फोनवर मीठ नव्हतंच. पोंय होती. चाळीसही फोनवर पोंय.

झालं होतं असं. एमकेडॉक्स प्रत्येक शीर्षकाला एक खूण देतो, म्हणजे दुवा थेट तिथे नेता येतो. ही खूण तो शीर्षकावरूनच बनवतो, पण मूळ रचनेत फक्त रोमन अक्षरं आणि आकडे ठेवतो, बाकी गाळतो. इंग्रजी शीर्षकाला त्यामुळे सुरेख नाव मिळतं. मराठी शीर्षक गाळून काहीच उरत नाही, मग तो नुसता क्रमांक लावतो: #_1, #_2, #_3. माझ्या धड्याचं शीर्षक #_1, खाजन म्हणजे काय हे #_2, माती #_3, मीठ #_4. पत्रिका छापून झाल्यावर सहलीच्या आदल्या रात्री मी मातीनंतर पोंयीवर दोन परिच्छेद घातले, वर शीर्षक दिलं. पोंय #_4 झाली, मीठ #_5 वर सरकलं. कुठेही चूक दाखवली गेली नाही, कारण त्याच्या लेखी चूक नव्हतीच.

घरी येऊन शोधलं, तर उपाय सापडला. सेटिंगमध्ये एक ओळ घातली की खुणा युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांतच राहतात. घातली. दुसऱ्या दिवशी दुवे बघतो तर मिठाची खूण 'मठ'. मातीची 'मत'. पाण्याचं 'पण', बांधाचा 'बध', भरतीचा 'भरत'. मी आधी माझ्या टंकलेखनावर संशय घेतला. मग कळलं, शीर्षक साफ करताना अक्षर कशाला म्हणायचं हे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ज्या नियमाने ठरतं, त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार अक्षर धरले जात नाहीत. त्यांना विरामचिन्हांसारखं झटकून टाकलं जातं. पहिलीतल्या पोराची काना-मात्रा चुकली तर आपण पाटी पुसायला लावतो. इथे यंत्र सरसकट सगळ्या पुसत होतं.

वर हे मराठी दुवे व्हॉट्सअॅपवर टाकले की ओळखू येत नाहीत ते वेगळंच. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 या संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइटचं, आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट 3 अक्षरांत लिहिला जातो. 'मठ' या दोनच अक्षरांची 18 होतात. पालकांच्या गटात कुणीतरी विचारलंच, हा दुवा उघडणं सुरक्षित आहे ना?

न्यायाने बोलायचं तर औषध दोन्हीकडे एकच आहे. शीर्षकापुढे महिरपी कंसात, हॅश देऊन, रोमन लिपीत स्वतःच नाव द्यायचं. एमकेडॉक्समध्ये त्यासाठी एक एक्स्टेंशन चालू करावं लागतं, बस. मग क्वार्टोकडे कशाला गेलो? कारण नाव द्यायचं मी विसरतो. एमकेडॉक्समध्ये विसरलो तर माझ्या लक्षात आणून देणारं कुणी नाही, 1.6 आवृत्तीपासून आतल्या आत दिलेल्या दुव्यांच्या खुणा तपासायला सांगता येतं, पण क्यूआर कोड पत्रिकेवर, त्याला ते कुठून दिसणार.

क्वार्टोत नाव देण्याची सवय आपोआप लागते, कारण नावाचा उपयोग रोज होतो. शीर्षकाचं नाव 'सेक' आणि आडवी रेघ (sec-) असं सुरू करायचं, विभागांना क्रमांक चालू ठेवायचे, मग धड्यात कुठेही @ लिहून ते नाव दिलं की तिथे विभागाचा क्रमांक दुव्यासकट येतो. चित्रांचंही तसंच, 'आकृती' हा शब्द एकदा सेटिंगमध्ये लिहून ठेवला आहे, आकडा तोच घालतो. मधे नवं चित्र टाकलं तरी मागचे उल्लेख सुधारतात. आणि @ पुढचं नाव धड्यात कुठेच नसेल, तर पान तयार करताना इशारा येतो. मी एवढंच केलं: प्रत्येक धड्याच्या शेवटी 'कुठे काय वाचाल' अशी चार ओळींची यादी, ज्या ज्या भागाचा क्यूआर छापलाय त्याचा तिथे @ ने उल्लेख. मिठाचं नाव विसरलो तर पत्रिका छापायच्या आधी समजतं. हाच बंदोबस्त एमकेडॉक्सवर कुणी करून दाखवला तर मी ऐकून घेईन, पण आता परत जाणं कठीण.

क्वार्टोचे काटेही सांगतो. इन्स्टॉलर आकाराने मोठा आहे, मोबाइल हॉटस्पॉटवर उतरवू नका. मदतीची पानं वाचताना वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. निम्मी उदाहरणं आर आणि पायथॉनमधल्या आलेखांची. ती ओलांडून जायचं, गद्य धड्याला त्यातलं काही लागत नाही. वर्ड फाइल काढली की देवनागरीला भलताच फाँट लागतो. त्यासाठी एक नमुना वर्ड फाइल नीट लावून ठेवावी आणि तीच वापरायला सांगावी. पीडीएफसाठी लाटेक या छपाईची पानं जुळवणाऱ्या जुन्या साधनाच्या वाटेला मी गेलो आणि परत आलो. 1.4 आवृत्तीपासून टिप्स्ट या तशाच नव्या साधनाची सोय आहे, देवनागरी फाँटचं नाव दिलं की जोडाक्षरं जागच्या जागी बसतात. ही पीडीएफची सोय मला वाटलं होतं त्याहून जास्त उपयोगी पडली. वर्गात पाचसहा मुलं तरी अशी असतात की घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जातो. त्यांना झेरॉक्स लागते. एमकेडॉक्सवरून मी ब्राउझरमधूनच प्रिंट काढत असे, बरी येई. क्वार्टोची पुस्तकासारखी येते, आकृत्यांच्या क्रमांकांसकट.

प्रश्नमंजूषा मात्र दोघांकडेही जोडून येत नाही. त्यासाठी लियास्क्रिप्ट बघा, जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या तंत्रविद्यापीठातलं. ते मार्कडाउनची फाइल थेट ब्राउझरमध्येच वाचतं, साइट तयार करणं वगैरे काही नाही. दुहेरी चौकटी कंसात [[मानस]] लिहिलं की मुलाला रिकामी चौकट दिसते, उत्तर टंकलं की तपासून मिळतं. मी उजळणीला वापरतो. फक्त टंकायची उत्तरं मराठीत ठेवताना जपून. आमच्या वर्गात 'मिठागर' बरोबर आणि 'मीठागर' चूक ठरलं, आणि एक मुलगी रडकुंडीला आली. तेव्हापासून मी पर्यायांचेच प्रश्न घालतो. पूर्ण धडे त्यात लिहावेत असं मला वाटलं नाही, पण त्याचं कारण नीट सांगता येणार नाही. हात बसला नाही इतकंच.

तर बाई, तुमची शीर्षकं इंग्रजीत असतील, धडे फक्त फोनवर वाचले जाणार असतील आणि दुरुस्त्या तुम्ही एकट्याच करणार असाल, तर मटेरियल घ्या, सुंदर दिसेल, मी मध्ये येणार नाही. शीर्षकं मराठीत असतील आणि एखादा जरी दुवा कागदावर छापायचा असेल, तर मी तुमच्या जागी क्वार्टो उतरवायला लावून जेवायला बसलो असतो. धडे हलवायला मला दिवाळीची सुट्टी पुरली. मजकूर जसाच्या तसा आला, चौकटी तेवढ्या !!! वरून विसर्गांवर आणाव्या लागल्या.

जुनी साइट मी उतरवलेली नाही. त्या वर्षीच्या सरावपत्रिका काही मुलांनी वहीत चिकटवून ठेवल्यात, आणि तिथला मिठाचा क्यूआर अजून #_4 ला जातो. मी तिथली युनिकोडची ओळ काढून त्या जुन्या धड्यात मीठ पुन्हा पोंयीच्या वर नेऊन ठेवलं आहे.