विल्यम जेम्सचं पुस्तक: छपाई वाईट, तरी वाचाच

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सच्या ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजियस एक्स्पीरियन्स’ची (म्हणजे धार्मिक अनुभवांचे प्रकार) स्वस्तातली आवृत्ती मागवली आणि पस्तावले. तळटीपा मुंगीएवढ्या, सूची नाही, दुसऱ्याच दिवशी मधली पानं सुटून हातात आली. घेताना जरा चांगली छपाई बघून घ्या.

पुस्तकाला मात्र पैकीच्या पैकी. जेम्सने १८६९ मध्ये हार्वर्डची डॉक्टरकीची पदवी घेतली, पण दवाखाना कधी थाटला नाही. शरीरशास्त्र शिकवता शिकवता तो मानसशास्त्राकडे वळला. धाकटा भाऊ हेन्री कादंबरीकार. १९०१-०२ मध्ये एडिंबरोत दिलेली वीस व्याख्यानं म्हणजे हे पुस्तक. टॉलस्टॉयचं ‘कबुली’ हे पुस्तक, सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत तेरेसाचं आत्मकथन, इस्लामी विचारवंत गझाली, विवेकानंदांचा राजयोग, शिवाय प्रश्नावलीला साध्या माणसांनी दिलेली उत्तरं, हे सगळं तो पुरावा म्हणून सारख्याच आस्थेने वाचतो.

मी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. बाबा गेले त्या वर्षी आई वारीहून आली आणि म्हणाली, "वाखरीच्या रिंगणात तुझे बाबा शेजारी उभे होते." मी लगेच तिचं रक्त घेतलं. शुगर, सोडियम, सगळं नॉर्मल. पहिल्याच व्याख्यानात जेम्सने मला गाठलं. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक संत पॉल याला दिसलेला प्रकाश म्हणजे अपस्माराचा झटका, एवढं बोलून मोकळं होणाऱ्यांना तो सांगतो, शरीराचंच कारण लावायचं तर नास्तिकाचं मतही त्याच्या यकृतातूनच आलं म्हणा. मूळ नको, फळ बघा. त्या वारीनंतर आई पुन्हा दोन वेळा पोटभर जेवायला लागली होती. ते मी कुठल्याच रिपोर्टात धरलं नव्हतं.

साधुत्वावरची व्याख्यानं लांबली आहेत, तिथे मी भराभर पानं उलटली. पण ‘आजारी आत्मा’ हे प्रकरण सोडू नका. तिन्हीसांजेला एका माणसाला अचानक भीतीने घेरलं. वेड्यांच्या इस्पितळात पाहिलेला, हिरवट कातडीचा, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेला तरुण त्याला आठवला आणि वाटलं, माझंही असंच होऊ शकतं. बायबलची वचनं घट्ट धरली म्हणून तो तगला. जेम्स हा अनुभव एका फ्रेंच माणसाचा म्हणून देतो, पण तो त्याचा स्वतःचाच होता. पुढे त्याने फ्रेंच अनुवादकाकडे तसं कबूल केलं. त्याची आई आनंदी स्वभावाची, म्हणून तिला त्याने यातलं काही कळू दिलं नाही.

हे पान मी आईला मराठीत सांगितलं. ती वाती वळत होती. हात थांबवून म्हणाली, "आईला सांगायला हवं होतं गं त्याने."